माल त्यांचा, सही आमची

चेकलिस्ट पाठवली की बहुतेक आयातदारांचा ‘ओके’ दोन मिनिटांत येतो. पाच-सहा पानांची चेकलिस्ट दोन मिनिटांत वाचून होत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही. तिच्यात मालाचं वर्णन असतं, आठ आकडी टॅरिफ कोड असतो, परदेशी बिलाची किंमत, जहाजाचं भाडं, विमा, कस्टमने जाहीर केलेला विनिमय दर, कुठल्या अधिसूचनेच्या कितव्या ओळीखाली किती सवलत मागितली आहे ते, आणि सगळ्यात शेवटी ड्युटीचा आकडा. आयातदाराची नजर थेट त्या आकड्यावर जाते. तो अंदाजाइतका असला की ‘ओके’. जास्त असला तर फोन. मग आमच्याकडचा मुलगा डिजिटल सहीचं डोंगल लावतो आणि बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचं निवेदन, कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर जातं. मालकाने न वाचलेल्या कागदावर, मी अजून न पाहिलेल्या मालाबद्दल, माझ्या लायसन्सच्या जोरावर सरकारला केलेलं ते निवेदन असतं.

या निवेदनाला 2011 पासून फार वजन आलं. त्याआधी आम्ही फक्त माहिती भरायचो, ड्युटी ठरवण्याचं काम अधिकाऱ्याचं होतं. 8 एप्रिल 2011 पासून कायद्यातलं सतरावं कलम बदललं आणि आयातदाराने आपली ड्युटी आपणच ठरवून भरायची, अधिकाऱ्याने वाटलं तर तपासायची, अशी पद्धत आली. कागदावर हे स्वयंमूल्यांकन आयातदाराचं. प्रत्यक्षात चाकणच्या एखाद्या कारखानदाराला टॅरिफ उघडून बसायला वेळ नसतो आणि तशी त्याच्याकडून अपेक्षाही नाही. तो आमच्यासारख्या ब्रोकरकडे येतो तो त्याचसाठी. खरं तर ब्रोकर नेमलाच पाहिजे अशी सक्ती कुठेही नाही. आयातदार स्वतः बिल भरू शकतो. एकदा भरतो, पुढच्या वेळी आमच्याकडे येतो.

आम्हाला पूर्वी सीएचए म्हणत, कस्टम हाउस एजंट. 2013 च्या नियमावलीने आम्ही कस्टम ब्रोकर झालो, तरी उरणपासून सहारपर्यंत आजही सगळे सीएचएच म्हणतात. लग्नाच्या बोलाचालीत मुलाचा बाप सीएचए आहे म्हटलं की मुलीकडच्यांना सीए ऐकू येतं. दुरुस्ती केल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरतो, आणि मग कोणीतरी डोळा बारीक करून विचारतं, “म्हणजे एअरपोर्टवर सोनं पकडतात तेच खातं का?” त्या खात्यात आम्ही नाही. त्या खात्यासमोर उभं राहणारे आम्ही. पकडला जाणारा माणूस आणि पकडणारा माणूस, दोघांच्याही मनात आमच्याबद्दल थोडा संशय असतो. गिऱ्हाइकाला वाटतं हा अधिकाऱ्यांचा, अधिकाऱ्याला वाटतं हा गिऱ्हाइकाचा. कायद्याने आम्ही गिऱ्हाइकाचे प्रतिनिधी आहोत. पण 2018 च्या नियमावलीचा दहावा नियम वाचला तर गिऱ्हाइकाला कायदा पाळायला सांगणं आमचं कर्तव्य, आणि त्याने ऐकलं नाही तर ते कस्टमच्या कानावर घालणंही आमचंच कर्तव्य. वकिलावर अशी जबाबदारी कोणी टाकल्याचं मला माहीत नाही.

मी या धंद्यात आलो तेव्हा सगळा कारभार कागदावर होता. बॅलार्ड इस्टेटमध्ये आमच्या मालकांची दोन खोल्यांची कचेरी होती. मालक पारशी, अकाउंटंट गोव्याचे, टायपिस्ट मंगळुरी आणि आम्ही डॉक क्लार्क सगळे गिरगाव, लालबाग, डोंबिवलीचे. बिल ऑफ एन्ट्री टाइप व्हायचं चार प्रतींत. मूळ आणि दुसरी कस्टमची, तिसरी आयातदाराची, चौथी बँकेची, परदेशी पैसे पाठवल्याचा पुरावा म्हणून. माल थेट घरच्या वापरासाठी सोडवायचा असेल तर पांढरा कागद, गोदामात बाँडमध्ये ठेवायचा असेल तर पिवळा, बाँडमधून काढायचा असेल तर हिरवा. रंगावरून लांबूनच कळायचं की समोरच्याच्या हातात काय आहे. नोटिंगच्या खिडकीपासून असेसिंग ग्रुपपर्यंत, तिथून ड्युटीच्या चलनाला, तिथून डॉकमध्ये. न्हावा शेवाचा माल असेल तर पुन्हा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा आणि पुढे मिळेल त्या वाहनाने. पावसाळ्यात फाइल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून शर्टाच्या आत धरायची. आपण भिजलो तर चालेल, मूळ बिल ऑफ लेडिंग भिजलं तर शिपिंग कंपनी डिलिव्हरी ऑर्डर देणार नाही.

मालकांची एक सक्त शिस्त होती. नव्या प्रकारचा माल आला की कागद हातात घेण्याआधी डॉक क्लार्कने शेडमध्ये जाऊन तो पाहून यायचा. परवानगी काढावी लागायची, वेळ जायचा, पण ते ऐकत नसत. हिंगाची पहिली पार्टी आली तेव्हा मी शेडमधून परतलो आणि ट्रेनमध्ये माझ्या शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, “क्या है?” मी म्हणालो, मसाला. त्यांनी टॅरिफ माझ्यापुढे सरकवलं आणि शोधायला सांगितलं. मसाल्यांचं नववं प्रकरण मी दोनदा वाचलं. मिरी, वेलची, दालचिनी, लवंग, जिरं, हळद, सगळं होतं, हिंग नव्हता. तो सापडला तेराव्या प्रकरणात, लाख, डिंक आणि राळेच्या पंगतीत. कारण हिंग हा झाडाच्या मुळातून पाझरलेला चीक आहे आणि टॅरिफ स्वयंपाकघराच्या बाजूने विचार करत नाही. ती वस्तू मुळात काय आहे, कशापासून झाली आहे, असं विचारतं. मला तिथे जे समजलं ते कुठल्याही परीक्षेच्या पुस्तकाने समजावलं नसतं.

वर्गीकरण हा आमच्या कामाचा गाभा आहे, आणि बाहेरच्या माणसाला त्याची सर्वांत कमी कल्पना असते. जगातली प्रत्येक विकाऊ वस्तू एकवीस विभागांत आणि सत्त्याण्णव प्रकरणांत बसवलेली आहे. त्यातलं सत्त्याहत्तरावं प्रकरण भविष्यासाठी रिकामं ठेवलेलं. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपले. आधी जिवंत प्राणी, मग मांस, मासे, दूध, भाज्या, धान्य, पुढे खनिजं, रसायनं, प्लास्टिक, चामडं, कापड, धातू, यंत्रं आणि सगळ्यात शेवटी चित्रं आणि पुराणवस्तू. रिकाम्या वेळात टॅरिफ चाळायची मला सवय आहे. घरचे हसतात. पण दिवाळीआधी चीनहून येणाऱ्या लुकलुकत्या माळा ज्या ओळीखाली येतात त्या ओळीत ख्रिसमस ट्रीचा उल्लेख आहे, हे ज्याला पहिल्यांदा दिसतं तोही हसतोच. मसजिद बंदरचा व्यापारी त्या आणतो लक्ष्मीपूजनासाठी, जागतिक टॅरिफ त्यांना नाताळात धरतं, आणि माझी चेकलिस्ट दोघांचं समाधान करते.

हसण्यासारखं नसतं ते यंत्राच्या सुट्या भागांचं. कारखानदार सांगतो, “मशीनचा पार्ट आहे हो, पार्टमध्ये टाका.” चाकणच्या एका उद्योजकाने असंच सांगितलं होतं. सज्जन माणूस, इंजिनिअर, स्वतःच्या हाताने मशीन उभं केलेला. त्याच्या एका पेटीत बेअरिंग होती, रबराचे सील होते, स्क्रू होते, आणि खरोखरच त्या मशीनशिवाय कुठेही न बसणारा एक ओतीव भाग होता. त्याच्या दृष्टीने चारही एकाच मशीनचे पार्ट. टॅरिफच्या दृष्टीने बेअरिंग कुठल्याही मशीनसाठी बनवलेलं असो, ते 8482 मध्ये. साध्या व्हल्कनाइज्ड रबराचा सील यंत्रांच्या विभागातून बाहेरच काढलेला आहे, तो चाळिसाव्या प्रकरणात. लोखंडी स्क्रू त्र्याहत्तराव्यात. उरला तो ओतीव भाग, त्यालाच पार्टचा मान. मी फोनवर हे सांगत होतो आणि पलीकडे तो शांत होत गेला. शेवटी म्हणाला, “पण बनवणाऱ्या कंपनीनेच बिलावर एकच कोड लिहिलाय.” परदेशी कंपनीने लिहिलेला कोड तिच्या देशात तिची जबाबदारी. इथे सही माझी. फरक दोन-तीन टक्क्यांचा होता, एका खेपेला किरकोळ. पण हीच खेप वर्षानुवर्षं येत राहिली आणि मग ऑडिटमध्ये कोणी बोट ठेवलं, तर नोटीस साधारण दोन वर्षांमागे जाते. माहिती दडवली असं ठरलं तर पाच वर्षं. त्या नोटिशीत आयातदाराच्या नावाखाली ब्रोकरचंही नाव असतं.

त्याने कॅटलॉग पाठवला. मग ड्रॉइंग पाठवली. मग एका रविवारी मला कारखान्यात बोलावून मशीन चालू करून दाखवलं. धंद्यातले सगळ्यात चांगले तास मला तिथे मिळाले असं आजही वाटतं. प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून मी विचारत होतो, “हे काढलं तर काय होईल?” आणि तो सांगत होता. चांगला ब्रोकर गिऱ्हाइकाला कायदा शिकवतो असं म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. बहुतेक वेळ गिऱ्हाइकाकडून त्याचा धंदा शिकण्यात जातो.

न्हावा शेवाबद्दल लिहायचं तर एक वेगळा लेख होईल. 26 मे 1989 ला बंदर सुरू झालं तेव्हा बॅलार्ड इस्टेटमधल्या जुन्या मंडळींना वाटलं होतं, खाडीपलीकडे कोण जाणार. आज देशाच्या मोठ्या बंदरांतून होणाऱ्या कंटेनरच्या वाहतुकीतला सर्वांत मोठा वाटा याच बंदराचा आहे. जासई, द्रोणागिरी, पनवेल-उरण रस्ता, सगळीकडे सीएफएस उभी राहिली, म्हणजे जहाजावरून उतरलेले कंटेनर जिथे ठेवतात, उघडतात, तपासतात आणि सोडतात ती आवारं. त्या आवारांतली जमीन एके काळी भाताची आणि मिठागरांची होती. जानेवारी 1984 मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, दि. बा. पाटलांचं नाव त्या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. आज माझ्याकडे काम करणारी निम्मी मुलं त्याच गावांतली. कोणाच्या आजोबांच्या शेतावर आता रीचस्टॅकर फिरतो आणि नातू तिथे सील कापताना उभा असतो. यावर ती मुलं फारसं बोलत नाहीत. करळ फाट्यावर ट्रेलरची रांग लागली की मात्र सगळ्यांना तोंड फुटतं.

एका गिऱ्हाइकाचं काम मी घेतलं नाही, त्याबद्दल सांगितलं पाहिजे. दर बरा देत होता, कागद चोख होते. आयात-निर्यात कोड, जीएसटी क्रमांक, बँकेचं पत्र, भाडेकरार, सगळं. माल म्हणे स्वस्तातलं प्लास्टिकचं सामान, दुबईहून. नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाची ओळख आणि पत्ता विश्वासार्ह, स्वतंत्र कागदांवरून पडताळायचा असतो. बरेच जण ते टेबलावरूनच करतात. मला मालकांची जुनी सवय लागलेली, मी पत्त्यावर गेलो. भिवंडीकडे एका इमारतीत तळमजल्यावर शटर, वर नाव नाही, शेजारच्या चहावाल्याला कंपनी माहीत नाही. कंपनीचा मालक म्हणून ज्याचं नाव होतं त्या माणसाला मी फोन लावला. तो रिक्षा चालवत होता. कोड त्याच्या नावावर निघाला होता, दर महिन्याला त्याला ठरावीक रक्कम मिळायची, आत काय येतं ते त्याला माहीत नव्हतं. खोटं बोलण्याचीही त्याला गरज वाटली नाही. त्याने उलट मला विचारलं, “काही भानगड आहे का साहेब?”

कंटेनरमध्ये काय होतं मला कधीच कळलं नाही. पण असल्या कागदांमागे सुपारी असते हे आमच्या धंद्यात नव्या मुलालाही माहीत असतं. सुपारीवर मूळ ड्युटी 100 टक्के, शिवाय ठरावीक किमान किमतीखाली आयातीला बंदी. ज्या वस्तूवर एवढं कुंपण असतं ती वस्तू दुसऱ्याच नावाने प्रवास करते. कधी फरशी, कधी भंगार, कधी प्लास्टिक. पकडलं गेलं की खरा मालक गायब असतो, रिक्षावाला चौकशीला बसतो, आणि ब्रोकरचं लायसन्स निलंबित होतं. ओळखीतल्या एका चांगल्या माणसाचं तसं झालं. त्याने पत्ता तपासला नव्हता, एवढंच. लायसन्स परत मिळेपर्यंत त्याची माणसं दुसरीकडे गेली होती. लायसन्स ही चीज नुसती फी भरून मिळत नाही. आधी लेखी परीक्षा, मग तोंडी, आणि तोंडीत समोर बसलेला अधिकारी कुठल्या कोपऱ्यातलं काय विचारेल याचा नेम नाही. कित्येक हुशार जी-कार्डवाले, म्हणजे खात्याची परीक्षा देऊन ब्रोकरकडे नोकरी करणारे, आयुष्यभर जी-कार्डवालेच राहिले.

आता कांदा. आयातीत मी नुकसान पाहिलं आहे, पण निर्यातीत माणूस हवालदिल होताना पाहिला तो 19 ऑगस्ट 2023 च्या शनिवारी. लासलगावकडचे एक व्यापारी, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, मलेशियाला कांदा पाठवतात. व्हेंट उघडे ठेवलेले रीफर कंटेनर, आत जाळीच्या गोण्या. त्या आठवड्यात त्यांचे काही कंटेनर निघाले होते. शिपिंग बिलं, म्हणजे निर्यातीची निवेदनं, आम्ही आधीच भरली होती. शनिवारी दुपारी एका कंटेनरची लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल चढवायची परवानगी, मिळाली. बाकीचे घाटात आणि मग फाट्यावर अडकल्यामुळे उशिरा पोचले. संध्याकाळी अधिसूचना आली: कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, लगेच लागू.

अण्णांचा फोन आला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तोच कोणीही विचारेल, “भाऊ, आपलं बिल तर दोन दिवस आधीच भरलंय ना?”

आयातीत हा प्रश्न बरोबर ठरला असता. आयातीला ड्युटीचा दर सर्वसाधारणपणे बिल ऑफ एन्ट्री भरल्याच्या तारखेचा. निर्यातीला कलम 16 प्रमाणे दर असतो अधिकारी माल चढवायला परवानगी देतो त्या तारखेचा, म्हणजेच लेट एक्स्पोर्ट ऑर्डरचा. बिल कधीही भरलेलं असो. त्यामुळे अण्णांचा दुपारी सुटलेला कंटेनर शुल्काशिवाय गेला, आणि त्याच खळ्यावरचा, त्याच आठवड्यात भरलेला, त्याच गिऱ्हाइकाला जाणारा कांदा संध्याकाळनंतर 40 टक्क्यांचा झाला. मलेशियातल्या खरेदीदाराशी भाव आधी ठरलेला, तो एक पैसा वाढवायला तयार नाही. मी अण्णांना कायदा जसा आहे तसा सांगितला. ते म्हणाले, “तुम्ही आमचे का सरकारचे?” रागाने नव्हे, थकून विचारलं होतं. मी गप्प राहिलो आणि मग हिशेब मांडायला घेतला, कारण त्या क्षणी तेवढंच माझ्या हातात होतं. शुल्क भरून पाठवलं तर किती जाईल. माल परत न्यायचा तर, त्याला आम्ही बॅक टू टाउन म्हणतो, परवानगीला किती दिवस, रीफरच्या विजेचं भाडं किती, वाशीला गाडी उतरली तर भाव काय. अण्णांनी काही कंटेनर शुल्क भरून पाठवले आणि काही परत बोलावले. दोन्हींत त्यांचे पैसे गेले. फक्त कशात किती जातील हे त्यांना रविवारी सकाळपर्यंत कळलेलं होतं, मंगळवारपर्यंत वाट पाहावी लागली नाही. एका रीफरमधला कांदा दोन दिवस जास्त थांबला असता तर वाशीतही कोणी घेतला नसता.

डिसेंबरात पूर्ण निर्यातबंदी आली तेव्हा अधिसूचनेत निदान आधीच कस्टमच्या ताब्यात गेलेल्या मालासाठी वाट ठेवलेली होती. मे 2024 मध्ये बंदी उठली पण किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के राहिले, सप्टेंबरात शुल्क 20 वर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून गेलं. या सगळ्या काळात नाशिकहून येणारे फोन एकाच वाक्याने सुरू व्हायचे: “आज काही नवीन?” शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी मी फोन लांब ठेवायला घाबरू लागलो. शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, गिऱ्हाइकाला भाव परवडावा असं धोरण आखणं सोपं नाही, हे मला समजतं. पण संध्याकाळी काढून त्याच संध्याकाळी लागू होणारी अधिसूचना रस्त्यावर असलेल्या ट्रकला गृहीत धरत नाही, याला धोरणाची अडचण म्हणता येणार नाही. हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या कामाचा चेहराच नाहीसा झाला आहे. जून 2020 मध्ये बेंगळुरू-चेन्नईला सुरुवात होऊन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर देशभर फेसलेस असेसमेंट आलं. न्हावा शेवाला उतरलेल्या मालाचं बिल आता चेन्नईतला, कोलकात्यातला किंवा आणखी कुठला अधिकारी तपासतो. कोण, ते मला कळत नाही, मी कोण ते त्याला कळण्याचं कारण नाही. कागदपत्रं ई-संचित या ऑनलाइन व्यवस्थेवर चढवलेली. शंका आली तर स्क्रीनवर प्रश्न येतो, उत्तर तिथेच टंकायचं. टेबलाटेबलाशी ताटकळणं संपलं, ओळखीपाळखीचा बाजार बसला, हे चांगलंच झालं. जुन्या मंडळींना त्याचा सल आहे, मला नाही. अडचण येते ती वेगळ्या, न पाहिलेल्या वस्तूंची. पूर्वी मी नमुना खिशातून काढून अप्रेझरच्या टेबलावर ठेवू शकायचो. हिंग असेल तर त्याचा वास घ्यायला लावू शकायचो. आता त्याच वस्तूचं वर्णन इंग्रजीतल्या पाच-सहा ओळींत करावं लागतं, आणि आमच्याकडच्या मुलांना फॉर्म भरायची सवय आहे, वर्णन करायची नाही.

याला अपवाद आमच्याकडची एक मुलगी. चिरनेरची, मराठी माध्यमाची, बीकॉम. जी-कार्डची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. तिची उत्तरं मी आता तपासत नाही. ती आधी मराठीत कागदावर लिहून काढते, वस्तू काय आहे, कशाची आहे, कुठे बसते, तिच्याशिवाय काय अडतं, आणि मगच इंग्रजीत टंकते. स्मार्ट घड्याळांच्या एका खेपेला घड्याळ म्हणायचं की दळणवळणाचं उपकरण यावर प्रश्न आला, तेव्हा तिने दिलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे. पगार वाढवून मागितला तोही त्याच दिवशी. द्यावाच लागला.

आमच्या दराबद्दल काय सांगू. लाखोंची ड्युटी मुकाट्याने भरणारा माणूस एजन्सी चार्जेसच्या ओळीवर येऊन थांबतो आणि विचारतो, “यात काही होईल का?” शिपिंग कंपनीचं डिटेन्शन, सीएफएसचं भाडं, बिल उशिरा भरलं तर पहिले तीन दिवस रोजचे 5,000 आणि पुढे रोजचे 10,000, यांच्याशी घासाघीस करता येत नाही म्हणून असेल.

परदेशातून कायमची परतणारी कुटुंबं हा आमच्या कामातला छोटा, पैशाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा भाग. मी तो सोडलेला नाही. न्यू जर्सीहून पुण्याला परतणाऱ्या एका काकूंचा कंटेनर गेल्या वर्षी आला. काका आजारी, मुलं तिकडेच, सगळी धावपळ त्यांच्या एकटीवर. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सच्या कागदांत पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती, मुक्कामाचा पुरावा आणि सामानाची यादी लागते. यादी तिकडच्या पॅकिंग कंपनीच्या पोराने केलेली. पेटीमागून पेटी ‘किचन आयटम्स’. या धंद्यात मला भेटलेल्या मालकांत आपल्या कंटेनरमध्ये काय आहे हे तंतोतंत ठाऊक असलेल्या त्या बहुधा एकट्याच, आणि कागदावर मात्र त्यातलं काहीच नव्हतं.

तपासणीला त्या स्वतः द्रोणागिरीला आल्या. अधिकारी तरुण, मूळचा मदुराईचा, नम्र, पण यादीवर समाधान होणारा नव्हता. त्याने तीन पेट्या उघडायला सांगितल्या. पहिल्यात पाटा-वरवंटा निघाला. तो एकदा डोंबिवलीहून न्यू जर्सीला गेलेला आणि आता परत. दुसऱ्यात चांदीची पूजेची भांडी. त्यांची जुनी बिलं काकूंनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून आणली होती. अशी फाइल माझ्या एखाद्या कॉर्पोरेट गिऱ्हाइकाने कधी दिलेली नाही. तिसऱ्या पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पितळी वस्तू. सीएफएसच्या पोराने ती हातात फिरवून पाहिली, अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. “मेकॅनिकल अप्लायन्स?” मी सोऱ्याचं इंग्रजी शोधू लागलो तोवर काकूंनी तो त्याच्या हातातून घेतला, दांडा फिरवून दाखवला, आतली चकती काढून समोर धरली.

“अरे, मुरुक्कु!” तो म्हणाला.

मग पंधरा मिनिटं तपासणी बाजूला राहिली. त्याच्या आईचा लाकडी आहे, दोन मुठींचा, दाबायचा. यांचा पितळी, फिरवायचा. तिकडे तांदळाचं पीठ आणि उडीद, इकडे भाजणी. काकूंनी भाजणीचं प्रमाण सांगितलं आणि त्याने खरोखरच ते फोनमध्ये टिपून घेतलं. नंतर त्याने उरलेल्या पेट्यांवर नजर टाकली, यादीच्या प्रतीवर माझ्याकडून वस्तूंची नावं नीट लिहून घेतली, आणि सही केली. पाच वाजत आले होते. गेटपासची खिडकी बंद होण्याआधी मी मुलाला पळत पाठवलं, कारण रात्र पडली असती तर सीएफएसने आणखी एका दिवसाचं भाडं लावलं असतं, आणि काकू ते माझ्याशी घासाघीस न करता भरणाऱ्यांतल्या नव्हत्या.